औषधोपचार इतके महाग का?

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? मनगटी घड्याळ एकेकाळी गावातल्या एखाद्या-दुसऱ्या घरीच असे. रेडिओ ऐकायला लोक पाटलाच्या वाड्यावर जमत. विज्ञान पुढे गेले, कारखाने वाढले, आणि या वस्तू स्वस्त होत होत घरोघरी पोचल्या. मग वैद्यकशास्त्रानेही याच काळात एवढी मजल मारली असताना दवाखान्याचे बिल का उतरत नाही? ते दर वर्षी वाढतच का जाते?

या प्रश्नाचे ‘डॉक्टर लोभी झाले’ असे एका वाक्यातले उत्तर पुष्कळ जण देतात. त्यात कुठे कुठे तथ्यही असते. परंतु तेवढेच खरे मानले, तर खर्चाची बाकीची कारणे आपल्या नजरेतून सुटतात. या लेखात आपण ती एकेक करून तपासू. कारणे समजली की उपायही सुचू लागतात.

एक उदाहरण

बुलढाणा जिल्ह्यातले लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग मानतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली तालुक्यातले अमडापूर हे घाटावरचे मोठे गाव. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. समजा, या गावात एक कोरडवाहू शेतकरी आहे. वय पंचेचाळीस, शेती पाच एकर, पीक सोयाबीन आणि तूर. त्याचा रक्तदाब गेली दहा वर्षे वाढलेला आहे, पण तो त्याने कधी मोजून घेतलेला नाही. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. म्हणून माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा द्रव ती पुन्हा रक्तात सोडतात आणि फक्त दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला, किंवा रक्तातली साखर वाढलेली राहिली, तर या गाळण्या एकेक करून निकामी होतात. आपला शेतकरी पायांवर सूज आणि दम लागतो म्हणून डॉक्टरकडे जातो, तेव्हा फार थोड्या गाळण्या उरलेल्या असतात. आता त्याला डायालिसिस, म्हणजे यंत्राने रक्तशुद्धी, सुरू करावी लागते.

हे उदाहरण कल्पनेतले असले, तरी प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट लागते. त्या भागातील संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत आले आहेत, आणि त्याचा संबंध तेथील पाण्याशी जोडला जातो.

आता डायालिसिसचे यंत्र काय करते ते पाहू. रुग्णाचे रक्त एका नळीने बाहेर काढले जाते. ते हजारो केसासारख्या बारीक पोकळ तंतूंमधून जाते. तंतूंच्या बाहेरून क्षारयुक्त शुद्ध पाणी वाहत असते. रक्तातली नको असलेली द्रव्ये तंतूंच्या भिंतीतून पाण्यात उतरतात. दर मिनिटाला पाव लिटर रक्त या वाटेने गेले, तर चार तासांत साठ लिटर होते. शरीरात रक्त असते सुमारे पाच लिटर. म्हणजे तेच रक्त बारा वेळा फिरते. दुसऱ्या बाजूला दर मिनिटाला अर्धा लिटर पाणी लागते, म्हणजे चार तासांत १२० लिटर. हे पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षाही शुद्ध असावे लागते. असा उपचार आठवड्यातून साधारण तीनदा, म्हणजे वर्षातून १५६ वेळा, घ्यावा लागतो.

हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून आता कारणांकडे वळू.

पहिले कारण : यंत्र चालो वा न चालो, खर्च चालूच

खर्चाचे दोन प्रकार असतात. रुग्ण वाढले की वाढणारा खर्च, उदाहरणार्थ सुया, नळ्या, औषधे. आणि रुग्ण येवोत वा न येवोत, करावाच लागणारा खर्च. गावातले मळणीयंत्र आठवा. ते विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता यंत्र झाकून ठेवले म्हणून थांबत नाही. हंगामात ते पन्नास शेतकऱ्यांकडे चालले तर पोत्यामागे मळणी थोडी पडते. पाच जणांकडेच चालले तर परवडत नाही.

रुग्णालयात या दुसऱ्या प्रकारच्या खर्चाचा वाटा फार मोठा असतो. एमआरआय यंत्राचे उदाहरण घ्या. त्यातील प्रचंड शक्तीचे चुंबक एका विशिष्ट धातूच्या तारेचे असते. ती तार उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली की तिचा विद्युतरोध नाहीसा होतो. एवढी थंडी टिकवण्यासाठी तिच्याभोवती द्रवरूप हेलियम ठेवतात, आणि हेलियम आपल्या देशाला परदेशांतून आणावे लागते. रात्री एकही रुग्ण नसला तरी हे चुंबक थंडच ठेवावे लागते.

आता आकडेमोड करू. आकडे केवळ गणितासाठी घेतलेले आहेत. समजा, यंत्राची किंमत ६ कोटी रुपये आणि आयुष्य १० वर्षे. म्हणजे वर्षाला ६० लाख. वीज, देखभाल आणि तंत्रज्ञांचे पगार मिळून आणखी ६० लाख. एकूण १ कोटी २० लाख. वर्षातून ३०० दिवस काम चालले, तर रोजचा खर्च ४०,००० रुपये झाला.

रोज २० रुग्ण आले, तर प्रत्येकामागे २,००० रुपये.
रोज १० रुग्ण आले, तर प्रत्येकामागे ४,००० रुपये.
रोज ४ रुग्ण आले, तर प्रत्येकामागे १०,००० रुपये.

यंत्र तेच, तपासणी तीच; पण रुग्णसंख्येनुसार खर्च पाचपट झाला. यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, अमडापूरच्या लोकसंख्येला असे यंत्र परवडणार नाही. ते जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या ठिकाणीच शोभते. दुसरी, एकाच शहरात गरजेपेक्षा जास्त यंत्रे आली, तर चढाओढीने दर उतरण्याऐवजी प्रत्येक यंत्राला रुग्ण कमी पडतात. मग यंत्र चालते ठेवण्यासाठी नको असलेल्या तपासण्याही लिहून देण्याचा मोह होतो.

दुसरे कारण : परिचारिकेची रात्र लहान होत नाही

पूर्वी कापसातली सरकी घरोघरी हातरेच्यावर काढीत. दिवसभर खपून एक माणूस थोडाच कापूस वेचून देऊ शके. खामगावसारख्या बाजारपेठेत वाफेवर चालणारे रेचे आले आणि तेवढ्याच माणसांच्या हातून कितीतरी पट काम होऊ लागले. कामगाराची मजुरी वाढली तरी किलोमागचा खर्च उतरला. घड्याळ आणि रेडिओ स्वस्त झाले ते याच नियमाने.

आता गावातल्या भजनी मंडळाकडे पहा. एक अभंग म्हणायला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. मृदंग दुप्पट वेगाने वाजवला म्हणून भजन दुप्पट होत नाही. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाटक-संगीताच्या व्यवसायाचा अभ्यास करताना हा मुद्दा मांडला. ज्या कामात माणसाचा वेळ हाच मुख्य माल असतो, ते काम कारखान्यातल्या मालाच्या तुलनेने महाग होत जाते, असे त्यांनी दाखवले.

दवाखाना हे असेच काम आहे. अत्यवस्थ रुग्णाशेजारी परिचारिकेला रात्रभर जागावे लागते. डॉक्टरला रुग्णाचे पोट हाताने दाबून पाहावे लागते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. एका परिचारिकेकडे दोनाऐवजी वीस अत्यवस्थ रुग्ण दिले, तर खर्च कमी दिसेल. पण तिला सेवा म्हणता येणार नाही. इकडे कारखान्यात, कचेरीत पगार वाढत असतात. परिचारिकेचा पगार वाढवला नाही, तर ती दुसरे काम धरील. म्हणून तिचे काम पूर्वीएवढेच असूनही त्याचा मोबदला वाढत जातो, आणि तो वाढणे न्यायाचेही आहे.

तिसरे कारण : गिऱ्हाइकाला माल पारखता येत नाही

बाजारात बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, चार जणांना विचारतो. पसंत पडला नाही तर पुढच्या बाजारी पाहू म्हणून परत येतो. आजारी माणसाला यातले काहीच करता येत नाही. आपल्याला काय झाले आहे हे त्याला ठाऊक नसते. कोणती तपासणी लागेल, कोणते औषध लागेल, किती दिवस खाटेवर राहावे लागेल, हे सगळे सांगतो तो डॉक्टर. आणि त्या कामाचे पैसेही बहुधा त्यालाच किंवा त्याच्या रुग्णालयाला मिळतात. छातीत कळ आली असताना चार दवाखान्यांचे दर विचारीत कोणी फिरत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली नेमके हेच लिहिले : आजार केव्हा येईल याची खात्री नाही आणि उपचाराचे ज्ञान एकाच बाजूला आहे, म्हणून भाजीबाजाराचे नियम येथे लागू पडत नाहीत.

म्हणूनच वैद्यकीय व्यवसायात सचोटीला इतके महत्त्व आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल एका डॉक्टरने दुसऱ्याकडून किंवा तपासणी केंद्राकडून पैसे घेणे, ज्याला लोक ‘कट’ म्हणतात, हे वैद्यकाच्या नीतिनियमांत बसत नाही. असा कट शेवटी रुग्णाच्याच बिलात चढतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून असा धनादेश आला, तेव्हा त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली आणि या विषयाला जाहीरपणे तोंड फोडले. या डॉक्टरांची ओळख आपल्याला पुढे आणखी एका कारणासाठी करून घ्यायची आहे.

चौथे कारण : गोळीची किंमत आणि शोधाची किंमत

औषधाची गोळी बनवायला बहुधा फार थोडा खर्च येतो. खरा खर्च असतो ती शोधून काढण्याचा. माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा नव्या औषधांपैकी जेमतेम एक बाजारात येते. बाकीची कुठे निरुपयोगी ठरतात, कुठे अपायकारक. हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षे चाललेल्या या चाचण्यांचा खर्च यशस्वी ठरलेल्या औषधावर चढतो. शोध करणाराला उत्तेजन मिळावे म्हणून कायदा त्याला २० वर्षांचे पेटंट देतो. या मुदतीत ते औषध दुसऱ्या कोणाला बनवता येत नाही. स्पर्धा नसल्यामुळे किंमत खर्चापेक्षा किती वर ठेवायची हे बरेचसे त्या कंपनीच्याच मर्जीवर राहते.

याबाबतीत आपल्या देशाचा इतिहास मनोरंजक आहे. पेनिसिलिन प्रथम वापरात आले तेव्हा ते इतके दुर्मिळ होते, की रुग्णाच्या मूत्रातून बाहेर पडलेले औषध पुन्हा काढून त्यालाच टोचीत. भारताने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभारला आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद केले. फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला आपल्या रसायनशास्त्रज्ञांना मोकळीक मिळाली. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला सुमारे ३५० डॉलरला देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला वर्षाला १०,००० डॉलरहून जास्त लागत. आंतरराष्ट्रीय व्यापार करारामुळे २००५ पासून भारतातही औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे पुन्हा सुरू झाले आहे.

पेटंट संपलेल्या औषधाचीही किंमत कधी कधी जास्त असते. ती नावामुळे. एकच मूळ औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात आणि किमतीत मोठा फरक असतो. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांतून हीच औषधे मूळ नावाने बरीच स्वस्त मिळतात.

वस्तू कारखान्यातून निघून रुग्णापर्यंत येईतो तिची किंमत कशी फुगते, याचे उदाहरण म्हणजे हृदयाच्या रोहिणीत बसवायचा स्टेंट. स्टेंट म्हणजे तारेच्या जाळीची बारीक नळी. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला रुग्णाला लाखाच्या पुढे पैसे मोजावे लागत. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवून दिली. वस्तू तीच राहिली, एका आदेशाने किंमत मात्र तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आली. मधला फरक मालाचा नव्हता, मधल्या हातांचा होता.

पाचवे कारण : बिलात न दिसणारा खर्च

आता अमडापूरच्या आपल्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्याला आपण सरकारी रुग्णालयात पाठवू. राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना ही सेवा मोफत मिळू लागली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत करण्यात आले. तेव्हा उपचाराचे बिल शून्य धरू.

पण अमडापूरहून चिखलीमार्गे बुलढाण्याला जायचे, चार तास यंत्राला जोडून घ्यायचे आणि परत यायचे, यात सबंध दिवस जातो. सोबत एक माणूस लागतो. समजा, एकाची दिवसाची मजुरी ४०० रुपये आहे. दोघांची ८०० रुपये बुडाली. येण्याजाण्याला आणि चहापाण्याला २०० रुपये. एका खेपेला १,००० रुपये. वर्षाच्या १५६ खेपांना १,५६,००० रुपये! मोफत उपचाराची ही किंमत कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. ती भागवण्यासाठी आधी बैलजोडी जाते, मग कर्ज होते, आणि शेवटी एखाद्या एकराचा सौदा होतो. कित्येक घरांत थोरली मुलगी शाळा सोडून वडिलांच्या सोबतीला जाऊ लागते. आजाराचा हा खर्च पुढची पिढी फेडते.

आता दुसरा हिशेब करा. रक्तदाबाची एक गोळी रोज घेतली आणि ती तीन रुपयांना पडली, तर वर्षाचे होतात सुमारे १,१०० रुपये. वर्षभराच्या नुसत्या खेपांच्या पैशात सुमारे १४० वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या! प्राथमिक आरोग्य केंद्रात तर रक्तदाब मोजायला काहीच पडत नाही. अर्थात येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. रक्तदाब असलेल्या प्रत्येकाचे मूत्रपिंड निकामी होतेच असे नाही. त्यामुळे एकाला वाचवण्यासाठी अनेकांना गोळ्या द्याव्या लागतात. तरीही हा सौदा फायद्याचा का ठरतो, ते वरच्या आकड्यांवरून तुमच्या ध्यानात येईल.

सहावे कारण : आपण जास्त जगू लागलो

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतात जन्मलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. देवी गेली, प्लेगच्या साथी गेल्या, पटकीची दहशत ओसरली. पूर्वी आजार आठवड्यात बरा होई किंवा माणूस आठवड्यात दगावे. दोन्ही प्रकारांत खर्च लवकर थांबे. आता मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्यासह माणूस तीस-तीस वर्षे जगतो आणि रोज औषध घेतो. म्हणजे खर्च वाढण्यामागे वैद्यकाचे यशही आहे. या वाढीबद्दल आपण तक्रार करू नये. मात्र तिची तरतूद आधीपासून केली पाहिजे.

खर्च वाटून घेणे : भिशीचे गणित

आजाराचा खर्च एका घरावर अचानक कोसळतो, ही त्यातली खरी आपत्ती. समजा, एका भागात १,००० कुटुंबे आहेत आणि दर वर्षी त्यांपैकी १० कुटुंबांवर प्रत्येकी दीड लाखाचा खर्च येतो. कोणती दहा, हे आधी सांगता येत नाही. पण साधारण दहा असतील, हे सांगता येते. एकूण खर्च १५ लाख. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला १,५०० रुपये घातले, की तो भागतो. भिशीत पैसे पाळीपाळीने मिळतात. येथे ज्याच्यावर वेळ येईल त्याला मिळतात, एवढाच फरक. यालाच विमा म्हणतात. करांतून चालणारे सरकारी रुग्णालय हाही त्याचाच एक प्रकार होय.

‘आम्ही धडधाकट आहोत, आम्ही का भरावे?’ असे म्हणून ५०० कुटुंबे बाहेर पडली आणि आजारी पडणारी दहाही कुटुंबे आत राहिली, तर उरलेल्यांना ३,००० रुपये भरावे लागतील. मग आणखी काही बाहेर पडतील. शेवटी फक्त आजारी कुटुंबे उरतील आणि त्यांना पुन्हा दीड-दीड लाखच भरावे लागतील! म्हणून अशा योजनेत सगळे हवेत.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३–१४ साली देशात आरोग्यावर झालेल्या दर १०० रुपयांच्या खर्चातले ६४ रुपये लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून दिले. २०२१–२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले, आणि २०२३ साली राज्यातील सर्व कुटुंबांना तीत घेण्याचा व वार्षिक मर्यादा ५ लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. परंतु अशा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा भार उचलतात. बाहेरून रोज घ्यायच्या गोळ्या आणि बुडालेली मजुरी पुष्कळदा तशीच राहते.

स्वस्त उपायही विज्ञानच शोधते

विज्ञान म्हणजे महागडी यंत्रे, असा समज करून घेऊ नका. महाराष्ट्राने याच्या उलट उदाहरणे जगाला दिली आहेत.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे बुलढाण्याच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. कोकणात महाडला नोकरीवर असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावताना त्यांनी पाहिली. त्या काळी गंभीर दंशाचे शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण मरत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांच्या लक्षात आले. मग रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिले. ते रक्तदाबासाठी बाजारात आधीच मिळत होते आणि स्वस्त होते. मृत्यूंचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. त्यांचे लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे नवे यंत्र कोणतेच नव्हते. होते ते बारकाईचे निरीक्षण.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बालके मोठ्या संख्येने मरत होती आणि रुग्णालय दूर होते. त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवले : बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, श्वास अडला तर काय करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि ठरावीक औषध टोचणे. ३९ गावांत हे काम झाले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले आणि एका बाळामागे खर्च आला केवळ सव्वापाच डॉलर. पुढे देशभरातील आशा सेविकांच्या कामात ही पद्धत घेतली गेली.

या दोन्ही कामांत काय समान आहे? उपचार रुग्णाच्या जवळ आला, तो वेळेवर झाला, आणि त्यामागे नोंदी व मोजमाप होते. महाग उपचारांची गरज यामुळे संपत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्याला डायालिसिस लागणारच. पण त्या यंत्रापाशी जाणारी रांग लहान करणे आपल्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात गावात रक्तदाब मोजण्यापासून होते.

करून पहा

१. घरातल्या तीस वर्षांवरील सर्वांना जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब मोजून घ्या. आकडे आणि तारीख वहीत लिहा.

२. घरातल्या तीन औषधांच्या वेष्टनावरील मूळ औषधाचे नाव शोधा. त्याच औषधाच्या निरनिराळ्या नावांच्या किमती औषधाच्या दुकानात विचारून तक्ता करा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध मात्र बदलू नका.

३. वरच्या एमआरआयच्या उदाहरणात यंत्राचे आयुष्य ६ वर्षेच धरले आणि रोज १० रुग्ण आले, तर प्रत्येकामागे किती खर्च येईल?

४. डायालिसिसची सोय बुलढाण्याऐवजी चिखलीला झाली, रुग्ण एकटा जाऊन अर्ध्या दिवसात परत येऊ लागला आणि येण्याजाण्याला १०० रुपये लागले, तर त्याचा वर्षाचा किती खर्च वाचेल?

५. रुग्णालयाच्या एखाद्या बिलातील प्रत्येक रक्कम या लेखातील कोणत्या कारणाखाली येते, ते वर्गात गुरुजींच्या मदतीने ठरवा. कोणत्याच कारणाखाली न बसणारी रक्कम आढळली, तर तिचे स्पष्टीकरण मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.